चारच्या पुढे

सकाळपासून पडद्यावर आकडे बदलत होते.
त्रेचाळीस गेला, चव्वेचाळीस आला,
चव्वेचाळीस पुन्हा आला
आणि लाल अक्षरांत तसाच अडकून राहिला.
लीड्सच्या इस्पितळाचा तळमजला, कानांचा विभाग.
इथं हाक ऐकू न येणं
ही काही बातमी नव्हे.

पण म्हातारा पडद्याकडेच बघत होता.
मांडीवर चिठ्ठी, चारदा दुमडलेली.
शेवटी दार उघडून मी कागदावरचं वाचलं:
आंशेल श्नायडर.
तो लगेच उठला. टोपी सावरली.
"आकड्याला मी उठत नाही, बाई.
तेवढ्यापुरता बहिराच आहे.
बाकीचा तुम्ही तपासा."

डावा कान बराच गेलेला.
फॉर्मवर कारण लिहावं लागतं: वय, ताप, कारखान्यातला आवाज.
कारखाना होताच. एकतीस वर्षं कोट शिवले त्यानं या गावात,
आडनावातच शिंपी होता.
तरी म्हणाला, लिहा, नाव सांगितलं म्हणून.
सतराव्या वर्षी, छावणीत, पहाटेच्या हजेरीला
आकडा ओरडायचा होता
आणि तोंडातून नाव गेलं.
मग बंदुकीचा दस्ता.

या कारणाला चौकट नव्हती.
मी 'इतर'वर खूण केली.

त्याच्या हाती सुई होती म्हणून तो वाचला.
मेलेल्यांचे कपडे परत यायचे शिवणखान्यात.
छातीवरची पट्टी उसवायची
आणि तीच, तोच आकडा,
नव्या आलेल्याच्या छातीवर.
"एक आकडा मी पाच वेळा शिवला," तो म्हणाला,
"दोरासुद्धा तोच पुरवून पुरवून."
संध्याकाळी मोजणारे वहीत लिहायचे
इतके इतके…
त्यांचा शब्द त्यानं उच्चारला,
आणि माझ्या डोक्यात, न बोलावता, मराठी शब्द येऊन बसला:
नग.

मिरजेत आमच्या दुकानाच्या पावतीवर
बाबा लिहायचे: सतार, नग दोन. तंबोरा, नग एक.
गिऱ्हाईक तऱ्हेवाईक निघालं
तर ते गेल्यावर हसायचे, काय नग आहे!
या एवढ्याशा शब्दाला
इतकं खोल तळघर असेल, मला माहीत नव्हतं.

हेडफोन काढता काढता त्यानं विचारलं,
तुमच्याकडे माणसं कशी मोजतात?

मी सांगितलं, आणि सांगतानाच पहिल्यांदा मला कळलं:
वस्तू असतील तर दोन, तीन, चार.
माणसं आली की आकडाच बदलतो,
दोघं, तिघं, चौघं.
बायका असतील तर दोघी, तिघी.
कपाटं कधी तिघं नसतात.

"तिघी," तो म्हणाला.
घ घशात अडकला, पुन्हा म्हणाला.
"आई. रिव्का. धाकटी फेगा.
तिघी."

यंत्राचा पंखा फिरत होता.

"आणि चारच्या पुढे?"

चारच्या पुढे वस्तूंचाच आकडा, मी म्हणाले,
पाच, सहा, सात.
मागे नुसतं 'जण' लावतो आम्ही.
मला उगाच लाज वाटली,
व्याकरण जणू माझ्या घरचं होतं.

तो मात्र समजूत काढल्यासारखा म्हणाला,
"चार पुष्कळ झाले.
मी रोज रात्री तेवढेच घेतो आठवायला.
जास्त घेतले
की ते पुन्हा आकडा होतात."

कोटाची गुंडी लावून तो निघाला.
पुढच्या तारखेच्या कार्डावर नऊ आकडी क्रमांक छापलेला,
त्यानं ते न वाचताच खिशात घातलं.

बाहेर चव्वेचाळीस अजून पेटलेलाच.
खिडकीतून मॉरीननं विचारलं,
पुढचा आकडा दाबू का?

खुर्च्या नऊ होत्या.
माणसं तिघं.